रुक्मिणीची आकडी

आमच्या गावात कमरेला आकडी बांधणारी पहिली बाई म्हणजे रुक्मिणी तांडेल. आकडी ही काही मोठी वस्तू नव्हे. वीतभर लाकूड, मधे एक खाच, आणि दोरीने ते कमरेच्या मागे बांधायचं. खाचेत कोयता अडकवला की दोन्ही हात मोकळे. आमच्याकडचा पुरुष एक वेळ लंगोटी विसरेल, पण आकडी विसरणार नाही. माडावर चढायचं असो, कुंपण घालायचं असो, नाहीतर नुसतं पान खायला शेजारी जायचं असो, कोयता मागे लटकलेला असायचाच. त्याला कोणी हत्यार म्हणत नसे. १९५९ सालच्या चैत्रापर्यंत मीही म्हणत नव्हतो.

मी गावच्या शाळेतला मास्तर. पंचायत नवी आली तेव्हा अक्षर बरं म्हणून सभेचं टिपण लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. खरं सांगायचं तर ते मला आवडलं. मला चौकशांची खोड आहे. कोण कुठे निघालं, कशाला निघालं आणि कधी परत येणार, हे कळल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. बायको म्हणायची, "तुमका चित्रगुप्ताच्या हाताखाली नोकरी व्हयी होती."

रुक्मिणी तेव्हा चाळिशीची असेल. तिच्या नवऱ्याच्या, सत्यवानाच्या पायावरून होडी गेली तेव्हापासून तो घरी बसून जाळी विणायचा. संसाराची सगळी भिस्त रुक्मिणीच्या डोक्यावरच्या टोपलीवर. दर मंगळवारी ती उजाडलं की मासे घेऊन खैराची घाटी चढायची, पलीकडच्या बाजारात विकायची आणि दुपारी रिकामी टोपली घेऊन परत यायची. घाटी अर्ध्या कोसाची. दोन्ही बाजूंना करवंदीच्या जाळ्या आणि मधे एक वळण, जिथे पुढचं माणूस मागच्याला दिसत नाही.

त्या वळणावर कोणीतरी लोकांना लुटू लागला होता. तोंडाला टॉवेल, हातात दांडा. आधी एका कापडवाल्याला लुटलं, मग काजू विकून येणाऱ्या एका म्हाताऱ्याला. तिसरी रुक्मिणी. पैशांची पिशवी तिने मुकाट्याने दिली होती. पण मेल्याचं तेवढ्यावर भागलं नाही. कानातली कुडी त्याने पाळीसकट ओढली. गावात आली तेव्हा तिचा खांदा रक्ताने भिजला होता, टोपली मात्र डोक्यावर होती. अशा वेळीसुद्धा माझी खोड जाईना. मी विचारलं, "टोपली टाकून पळालंस कित्याक नाय?"

"टोपली टाकलंय तर उद्या मासे कित्यात घालू, मास्तरानू?"

दोन दिवसांनी पोलीस आले. त्यांनी वळण पाहिलं, शहाळी प्यायली आणि गेले. बैल गेला आणि झोपा केला, असं सगळे म्हणाले.

पुढच्या मंगळवारी रुक्मिणीने नवऱ्याची आकडी कमरेला बांधली. ती तिला एवढी ढगळ, की चार पावलांवर गुडघ्यापर्यंत खाली आली. रस्त्याच्या कडेला धोंडू मेस्त्री दाराला रंधा मारत बसला होता. धोंडू आमच्या गावचा सुतार, बोलायला कमी आणि हाताला चोख. त्याने ते पाहिलं, पण हसला नाही. "रुक्मिणी, थांब गो," म्हणाला, आणि शिवणीच्या लाकडाचा एक तुकडा घेऊन तासभरात तिच्यासाठी हलकी आकडी केली. लुगड्याच्या काष्ट्याला अडू नये म्हणून ती जराशी बाजूला वळवलेली होती. खाच त्याने पुन्हा पुन्हा तासली. म्हणाला, "कोयतो चट्कन भायर येवक व्हयो."

बाई आकडी बांधून बाजारात गेली, ही बातमी तिच्या आधी परत आली. गावात एकच काहूर माजलं. रविवारी सातेरी देवीच्या देवळात सभा बसली.

आमच्या देवळात लोखंड आत न्यायचं नाही. म्हणून सभेला आलेला प्रत्येक जण बाहेरच्या वाशाला कोयता अडकवून आत जायचा. मी मोजले, एकोणीस होते. विसावा रुक्मिणीचा. आत बसलेल्या एकोणीस जणांपैकी बहुतेकांचं म्हणणं असं पडलं, की कोयता बाळगल्याने माणसाचं डोकं फिरतं. मला याची भारी गंमत वाटली, पण टिपणात गंमत लिहायची सोय नव्हती.

गावचे प्रमुख, म्हणजे गावकर, भिकाजी परब यांचं बोलणं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. ते म्हणाले, "चोर हिच्यापेक्षा दांडगो. तो हिच्याच कमरेचो कोयतो काढीत आणि हिच्याच मानेर घालीत. काल कान गेलो, उद्या मान जायत. आणि बाजारात ह्यो बायलो एका बांगड्यावरसून भांडतत. सगळ्यांनी कोयते बांधले तर काय होयत?"

भाई खोत रजेवर मुंबईहून आला होता. त्याने शुद्ध मराठीत भाषण ठोकलं. "कोयत्याचा जमाना गेला. मामलेदारांकडे अर्ज करा आणि बंदुकीचा परवाना घ्या."

"आणि घाटयेत तू येतलंस बंदूक घेवन?" खांबाआडून हौसाबाईने विचारलं. ही रुक्मिणीच्या बरोबरीने मासे विकणारी. "तुझी बंदूक ठासून होयसर चोर जेवान हात धुयत." उंटावरून शेळ्या हाकणारा भाई खाली बसला.

मला राहवेना. मी टिपण बाजूला ठेवून रुक्मिणीला विचारलं, "तू खराच मारशीत?"

ती म्हणाली, "त्या येळाक काय करीन, ता आता कसा सांगू? पण कोयतो दिसलो तर तो जवळ येवच्या आधी इचार करीत. माका तितक्याच व्हया."

आणि मग, कधी न बोलणारा धोंडू उभा राहिला. "दांडो चोराकडे आसा. कोयतो तुमच्या सगळ्यांकडे आसा. घाटयेत एकटी जाता ती ही. मगे हिच्याकडेच कित्याक नाय?"

तो खाली बसला. शेवटी भिकाजींनी मान हलवली आणि मी ठराव लिहिला: "रुक्मिणी सत्यवान तांडेल हिने कोयता बाळगण्यास गावाची हरकत नाही. मात्र चोराशिवाय कोणावरही उगारू नये." दुसरं वाक्य माझं. ते मला फार मुद्देसूद वाटलं होतं. आज आठवलं की लाज वाटते. घाटीत चोर कपाळावर नाव लिहून येतो की काय?

त्यानंतर लुटालूट थांबली. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ गेले. पावसाळ्यात मासेमारी बंद, बाजार नावापुरता. नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा टोपल्या घाटी चढू लागल्या, तरी कोणाच्या केसाला धक्का लागला नाही. रुक्मिणीचं चालणंही बदललं होतं. पूर्वी ती घाटीत पळाल्यासारखी चालायची, आता तोंडात पान असायचं.

आश्विनातल्या एका मंगळवारी धोंडू बिजागऱ्या आणायला बाजारात गेला होता. परत येताना त्याला घाटीच्या तोंडाशी असलेल्या पाणपोईपाशी एक चुंबळ पडलेली दिसली. चुंबळ म्हणजे टोपलीखाली डोक्यावर ठेवायची कापडाची गुंडाळी. ती रुक्मिणीची होती, हिरव्या लुगड्याच्या पदराची. रुक्मिणी नुकतीच पुढे गेल्याचं त्याला पाणपोईवर कळलं. तो चुंबळ घेऊन तिच्या मागून धावत सुटला. ऊन असं, की डोक्यावरचा टॉवेल त्याने तोंडावरून घट्ट गुंडाळला होता.

त्याने हाक का मारली नाही, हे परक्या माणसाला कळणार नाही. आमच्याकडे भरदुपारी ओसाड जागी माणसाला नावाने हाक मारत नाहीत. देवचार ते नाव ऐकतो आणि मग त्याच आवाजात हाका मारत माणसाला रानात नेतो, असं लहानपणापासून आमच्या अंगात भिनलेलं. रुक्मिणीचा जीव धोक्यात पडू नये, म्हणूनच धोंडूने तोंड मिटून ठेवलं.

आणि तिला वळणावर ऐकू आली ती नुसती धावती पावलं.

ती वळली. तिला टॉवेल दिसला आणि हातात काहीतरी दिसलं. कोयता चट्कन बाहेर आला. धोंडूने डावा हात वर धरला. मग टॉवेल सुटला आणि मग तो ओरडला, "रुक्मिणी, मी गो, मी!"

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही गेली.

तिने पदर फाडून हात बांधला. त्याचा दुसरा हात आपल्या खांद्यावर घेऊन तिने त्याला घाटीखाली आणलं, आणि तिथून गाडीने दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? धोंडू म्हणाला, "वाकस निसटला, साहेब. लाकूड तासत होतो." डॉक्टरांनी तिच्या फाटलेल्या लुगड्याकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. माझ्याहून शहाणा माणूस.

गावात मात्र काय लपतं? पुन्हा सभा बसली. भिकाजी म्हणाले, "चोर सोडून संन्याशाक फाशी. माका ह्याच भय होता." हौसाबाई म्हणाली, "सा म्हयने घाटयेत कोणाक लुटल्यानी नाय, ता कोणामुळा?" दोघांचंही खरं होतं. मी दोन्ही लिहून घेतलं आणि पुढे काय लिहावं ते कळेना.

हाताला फडकं बांधलेला धोंडू उभा राहिला. "चूक माझी. मी हाक मारूक व्हयी होती. तिचो कोयतो काढू नकात."

तेव्हा रुक्मिणी पुढे आली. तिने कमरेची आकडी सोडली आणि भिकाजी बसले होते त्या पायरीवर ठेवली. आवाज चढवला नाही, रडलीही नाही. "आधी माका चोराचा भय होता," ती म्हणाली. "आता माका माझ्या हाताचा भय वाटता. चोर घाटयेत ऱ्हवता. हात माझ्यावांगडा घराक येता."

त्या दिवशी ठराव झाला नाही. टिपणाच्या वहीत ते पान अर्धं कोरं आहे.

पुढे काय व्हावं? त्याच वर्षी हौसाबाईसकट सात जणींनी आकड्या बांधल्या, आणि त्या सगळ्या धोंडूने केल्या, आठ बोटांनी. मी चक्रावून विचारलं, "मेस्त्रीनू, तुमीच?" तो म्हणाला, "तेंका भय वाटता ता खरा मां? मगे लाकूड तरी धड व्हया." घाटीत शिरताना आता जो तो भरदुपारीही आपलं नाव मोठ्याने ओरडू लागला, "मी भिकाजी आसंय गो! मागसून येतंय!" देवचार परवडला, बायका नको, असं पुरुष हसत म्हणायचे. चोर कोण होता ते कधीच कळलं नाही. रुक्मिणी मात्र रिकाम्या कमरेने जायची, आणि कोणी सोबत असलं की त्याला पुढे चालायला लावायची.

बाजाराला जायच्या आधी पहिले मासे ती धोंडूच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, नेऊन द्यायची. तो नको म्हणून दमला. ती पायरीवर पानात मासे ठेवायची आणि मान खाली घालून चालू लागायची. धोंडू दर खेपेला डावा हात पुढे करायचा. ती बघायचीच नाही. डाव्या हाताने कोणी काही घेतं का? मी त्याला तसं बोललोही. तो म्हणाला, "ह्यो हात मी लपवलंय, मास्तरानू, तर ती जन्मात मान वर करूची नाय."

अशी चार वर्षं गेली. १९६३च्या कार्तिकात शाळेचा बाक दुरुस्त करून घ्यायला मी सकाळीच त्याच्या खळ्यात बसलो होतो. रुक्मिणी आली. धोंडूने हात पुढे केला, नेहमीसारखाच. ती पायरीकडे वाकली आणि थांबली. मग तिने मान वर केली आणि तो हात नीट पाहिला, जखम भरलेल्या जागा पाहिल्या.

तिने त्या हातावर एकेक बांगडा ठेवला. चार राहिले. पाचवा, जिथे बोटं नव्हती तिथून निसटून खळ्यात पडला, आणि तो उचलायला दोघंही एकदम वाकली.