गजभिये मास्तरांच्या वहीतल्या फुल्या

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही, सख्ख्या भावालाही नाही. मग तुम्हालाच का? — कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखीच्या माणसापुढे शहाणं दिसायची माझी खोड अजून गेलेली नाही.

आर्णीला मी गणित शिकवायचो. नागपूरला तेव्हा काही प्राध्यापक मराठीतल्या गणिती शब्दांचा कोश करायला बसले होते. त्यांच्याकडे जाणाऱ्या लेखांवर मी घरी बसून खुणा करायचो — गणिताच्या शब्दाखाली लाल रेघ, त्याचा अर्थ सांगणाऱ्या ओळीखाली निळी. ज्या वाक्याला अर्थच नाही, त्याच्या डोक्यावर काळी फुली. फुली पडली की ते वाक्य कोशाच्या कार्डावर उतरत नसे. नागपुरात कुणी ते पुन्हा वाचतही नसे. एवढा विश्वास माझ्यावर! ऐट काय सांगू.

गजभिये मास्तर आमच्याच शाळेत खालच्या वर्गांना शिकवत. मॅट्रिक झालेले, पुढचं सगळं पुस्तकं मागवून स्वतः वाचलेलं. छप्पन साली त्यांनी धम्मदीक्षा घेतली. मी त्यांच्या घरी चहा प्यायचो, आणि आपण किती सुधारलेले आहोत ते चारचौघांत सांगत हिंडायचो. — हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं नीट कळेल.

एकदा त्यांनी मला एक वही आणून दिली. शाळेचीच साधी वही, आणि आत मराठीत एक वेगळीच भूमिती. आपण शिकवतो की रेषेबाहेरच्या बिंदूतून तिला समांतर रेषा एकच निघते. मास्तर लिहीत होते, अशीही जागा असू शकते जिथे कितीतरी निघतात आणि एकही तिला भेटत नाही. ही भूमिती माझी नाही, असं त्यांनी पहिल्याच पानावर प्रामाणिकपणे लिहिलं होतं. पण मराठीत तिला शब्द नव्हते. ते त्यांनी घडवले होते. वही पसंत पडली असती तर कोशाच्या कामावर त्यांना बोलावणं आलं असतं. त्यांना ते फार हवं होतं. तोंडाने म्हणाले नाहीत — पण वही देताना हात लवकर सुटला नाही.

पहिल्या वाचनात मला ओ की ठो कळलं नाही. मग एका रविवारी दुपारी मास्तर बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या एका बाईचा जुना घागरा मागून घेऊन आले आणि त्यांनी तो माझ्या ओसरीवर पसरला. घेर एवढा, की सपाट बसेचना. एकीकडे दाबला की दुसरीकडे लाट उठायची.

"पाहा सर, काठाकडे कापड वाढतच जाते, मंग ते जमिनीले मानत नाही. आता याच्यावर रेघा चालवा."

खडूने त्यांनी दोन रेघा ओढल्या. कमरेपाशी शेजारीशेजारी सरळ निघालेल्या, काठाशी पोचेपर्यंत हातभर फाकलेल्या — आणि एकही कुठे वळलेली नाही! मग काठाची नक्षी दाखवली. एक घर सरकवा, उलटी करा, पुन्हा तीच. अशा प्रत्येक हालचालीला त्यांनी आकड्यांचा एक लहानसा चौकोन दिला होता. दोन हालचाली लागोपाठ केल्या की दोन चौकोनांचा गुणाकार. काय सुंदर होतं ते! मला कळलं. ऐकताय ना? — मला कळलं, स्वच्छ कळलं.

आणि त्याच आठवड्यात मी त्या वहीवर फुल्या मारल्या.

का? इतक्या वर्षांत माझ्या हातून एक नवा शब्द घडला नव्हता. मी दुसऱ्यांच्या शब्दांखाली रेघा ओढणारा. आणि ज्यांच्या घरचा चहा पिऊन मी मोठेपणा मिरवत होतो, ते नागपुरात माझ्या वर बसणार? पोटात दुखलं, हेच खरं. एकेक महत्त्वाचं वाक्य हेरून मी त्यावर काळी फुली मारली. वही नागपूरला जाऊन माझ्याकडे परत आली, सोबत दोन ओळींचा नकार.

मला वाटलं, मास्तर भांडतील. — भांडले असते तर बरं झालं असतं! त्यांनी सगळी पानं उलटून पाहिली.

"तुमी फुली मारली म्हन्जे कच्चंच असन, सर. मले कोनं शिकवलं होतं?"

वही माझ्याकडेच ठेवून ते गेले. पुढे त्यांची मुकुटबनला बदली झाली. पाढे उत्तम शिकवतात म्हणे. पुन्हा काही लिहिलं नाही, असं तिकडून येणारे सांगतात.

आज सकाळी ट्रंकेतून ती वही काढली आणि दिवसभर घेऊन बसलो. फुल्या खोडल्या नाहीत — माझ्या आहेत, राहू देत. शब्दांखाली लाल रेघा ओढल्या, अर्थांखाली निळ्या, तेव्हा ओढायच्या होत्या तशा. किती हलकं वाटतंय म्हणून सांगू! कितीतरी दिवसांनी कडकडून भूक लागली. मी दुसऱ्यांदा भाकरी मागितली तेव्हा बायको बघतच राहिली.

उद्या पहिल्या मोटारीने मुकुटबनला जाऊन वही मास्तरांच्या हातात देणार आहे. ते जे म्हणतील ते ऐकेन. काही न म्हणता दार लावून घेतलं, तर परत येईन. प्रत्येक फुलीशेजारी मी एकच मजकूर लिहिला आहे आणि खाली सही केली आहे: अर्थ आहे. मला तेव्हाच कळला होता.