दूरच्या पाहुण्याचा बुक्का

अंमळ पुढे सरकून बसा मंडळी, मागच्यांनाही जागा होऊ द्या. एका लेकीची आणि तिच्या गेलेल्या वडिलांची गोष्ट सांगतो.

कुमुद फार दमली आहे. दुपारचं ऊन टेबलावर आलंय, चहावर साय धरलीय, पटकथेचं शेवटचं पान कोरंच आहे. तिचे वडील भास्करबुवा कीर्तनकार. पण घरोघरी ओळखले गेले ते टीव्हीवरच्या ‘दूरचा पाहुणा’ मालिकेतला परग्रहावरचा पाहुणा म्हणून. पहिल्या चित्रीकरणाला बुवा कीर्तन आटोपून तसेच गेले. कपाळावरचा बुक्का पुसायचा राहिला, आणि तो काळा ठिपका त्या ग्रहाची खूणच होऊन बसला. आता मालिकेवर सिनेमा निघतोय. निर्मात्याला पाहुणा तरुण हवाय, आणि त्या ठिपक्यातून शत्रूला जाळणारा किरण हवाय. संध्याकाळपर्यंत कुमुदने तसं लिहायचं, नाहीतर दुसरा लेखक तयार आहे.

तिचे डोळे मिटतात. टेबल लांबत लांबत देवळाचा सभामंडप होतं. खांबांना चंदेरी कागद लावलाय. पायऱ्यांच्या जागी आकाश आहे. बुवा पेटीशेजारी बसून चंदेरी पोशाखावरचं उपरणं सारखं करताहेत.

“आलीस? पूर्वरंग झालासुद्धा.”

“आप्पा, त्यांनी तुम्हाला पार बदललंय. मोटारसायकल दिलीय.”

“बरं झालं. माझे गुडघे कुठे चालत होते?”

“चेष्टा नको. तुम्हाला सांभाळून सांभाळून थकले मी.”

“मग सांभाळतेस कशाला? एकच आख्यान माझे गुरुजी एका तऱ्हेने सांगायचे, मी दुसऱ्या. भांडलो का कधी?”

“आणि बुक्क्यातून आग काढायची?”

बुवा पेटी मिटतात. मंडप आता इस्पितळाची खोली आहे, त्यांची शेवटची. सलाईनच्या दांडीला चिपळ्या टांगल्यात.

“बुक्का आपण समोरच्याला लावतो, कुमे,” ते हळूच म्हणतात. “कीर्तनाला आलेल्या प्रत्येकाला. तू भला की वाईट, असं विचारतो का?”

त्यांचा गार अंगठा तिच्या कपाळावर टेकतो.

जाग येते तेव्हा ऊन सरकलंय. कुमुद पान ओढून लिहिते: पाहुणा शत्रूजवळ जातो, आपल्या कपाळीचा बुक्का बोटावर घेतो आणि त्याच्या कपाळी लावतो. खाली लिहिते, हे चालत नसेल तर खुशाल दुसरा लेखक बघा.

घाम पुसायला ती कपाळावरून हात फिरवते. तळव्यावर काळी, सुगंधी भुकटी येते. आप्पा गेल्यापासून घरात बुक्का नाही.

निर्मात्याने काय ठरवलं, ते मला ठाऊक नाही. पण कीर्तनात कुणी तुमच्या कपाळी बुक्का लावला, तर घटकाभर आमच्या भास्करबुवांना आठवा.