शेऱ्याचा रकाना

जुन्यातून नव्याकडे जाताना माणूस आपलं शहाणपण सोबत नेतो. डोंबिवलीतल्या एका छोट्या समारंभात, हारतुरे झाल्यावर, एका साहेबांनी हे वाक्य वाचून दाखवलं. ते मी लिहिलं होतं. त्याच आठवड्यात मी पाणी सोडण्याच्या वह्यांमधला शेऱ्याचा रकाना गाळून टाकला होता.

आमच्या कंपनीचं काम म्हणजे त्या वह्या मोबाइलवर आणायच्या आणि मग वह्या वापरणाऱ्यांनाही. दुसरं जड. तेच प्रशिक्षण मी चौथ्यांदा दिलं. व्हॉल्व्हमन माना डोलवायचे आणि वही काखेत मारून निघायचे. कोणता व्हॉल्व्ह किती वाजता, किती फेरे, हे सगळं मी उतरवून घेतलं. शेऱ्यात 'कुत्रा चावतो', 'झाकणावर रिक्षा असते' असलं साहित्य होतं. नव्या प्रणालीत त्याला जागा नव्हती, आणि मला वाचायचा कंटाळा आला होता.

मे महिन्यात मानपाड्याच्या बाजूचे जुने व्हॉल्व्हमन काका पुतण्याच्या हळदीसाठी रजेवर गेले. बदली माणूस मोबाइल बघून काम करू लागला. मला बरं वाटलं. चौथ्या सकाळी त्याच बाजूच्या शेवटच्या चाळीतली एक बाई पाणी खात्याच्या कचेरीतल्या माझ्या टेबलापाशी आली.

"भाऊ, तीन दिवस थेंब नाही. घरात लेक बाळंतीण आहे, आठ दिवसांचं पोर. दुपटी कशात धुऊ?"

मी स्क्रीन तिच्याकडे वळवला. "ताई, इथे तर पूर्ण उघडा दिसतोय. हिरवा."

"मग त्या हिरव्यातनं दोन हंडे भरून द्या."

बदली माणसाला फोन लावला. "सर, रोज तक्रार येते म्हणून बंद करतच नाय, रोज अजून उघडतो. आता तर हलतच नाय."

मग काकांना लावला. मागे बेंजो वाजत होता.

"अहो साहेब, तो उलटा हाय! बाकीचे डावीकडे उघडतात, तो डावीकडे बंद होतो. शेऱ्यात लाल पेनानं लिवलाय की!"

म्हणजे दर तक्रारीला आम्ही तो आणखी घट्ट आवळत होतो.

काका तशाच हळदीच्या अंगानं स्कूटरवर आले. खड्ड्यात लोखंडी चावी उतरवून जोर लावू लागले. मी वाकून माफी मागत होतो.

"साहेब, बाजूला व्हा. उजेड अडवताय."

तासाभरानं चाळीतले नळ खोकले आणि वाहू लागले. बाई हंडा घेऊन धावली. माझ्याशी बोलायला कोणाला सवड नव्हती.

'उलटा' अशी नोंद करण्याची सोय मी वर मागितली. पुढच्या टप्प्यात बघू, असं उत्तर आलं. तोवर चूक नको म्हणून त्या व्हॉल्व्हसाठी मी सकाळी साडेसहाला 'बंद करा' आणि आठला 'उघडा' असं भरून ठेवलं. चाळीला रोज दीड तास पाणी मिळतं. मासिक अहवालानुसार, साडेबावीस तास पाणी मिळणारी ती आमच्या भागातली एकमेव चाळ आहे.