कानामागची जट

सुपा धरणाचं काम आटपत आलं तशी गणेशगुडीच्या वसाहतीतली साहेब मंडळी बदलीवर जाऊ लागली. माझा नवरा तिथे ट्रक चालवायचा. एका साहेबाने निघताना आपला विलायती कुत्रा त्याच्या गळ्यात मारला, आणि त्याने तो माझ्या. कुरळ्या केसांचं ते ध्यान दिग्गीच्या वाटेवरच्या आमच्या घरी उतरलं तेव्हा तोंड कुठलं नि शेपूट कुठलं हेच कळेना. महिनोन् महिने कुणी फणी लावली नव्हती. डोळ्यांवर झिपऱ्या, आणि कानांमागे, काखांत, पोटाखाली गुंत्याचे घट्ट गोळे.

मी सरळ कातरी आणली. सासूबाई, ज्यांना आम्ही आत्ती म्हणायचो, अंगणातच आडव्या आल्या.

"जट हाय ती. जटंला लोखंड लावायचं न्हाई."

आमच्या भागात माणसाच्या डोक्यात जट झाली की ती देवीची मानतात, तिला हळद लावतात, कापत नाहीत. पण कुत्र्याला? मी हसले. त्या हसल्या नाहीत. त्यांनी खरोखरच चिमूटभर हळद आणली आणि त्याच्या डाव्या कानामागच्या सगळ्यात मोठ्या गोळ्याला लावली. माझं डोकंच फिरलं.

कारण त्या दिवसांत बिबट्या गावाभोवती फिरत होता. वरच्या घरचा राखणीचा कुत्रा दिवेलागणीला अंगणातून गेला, तोंडातून आवाजही न काढता. चांगल्या डोळ्या-कानांचा कुत्रा जातो, तिथे हा अर्धा आंधळा, अर्धा बहिरा काय टिकणार? आणि मला त्याचा लळा लागला होता, हे सांगून टाकते.

कातरी नाही तर नाही. बोटांनी गुंता सोडवायला देवीची मनाई नव्हती. पहिल्या दिवशी मी आधी आंघोळ घातली आणि फसले. पाणी लागलं तसा गुंता वाळून घोंगडीसारखा घट्ट बसला. मग शिकले. केस कोरडे ठेवायचे, खोबरेल तेल चोळायचं, कातडी ओढली जाऊ नये म्हणून मुळाशी चिमटीत धरायचं आणि टोकाकडून थोडं थोडं उकलत आत जायचं. फणी सगळ्यात शेवटी. रोज ऊन कललं की तो आपणहून माझ्यापुढे येऊन पडायचा.

निघालेले केस केरात टाकायचे नाहीत, कुंपणाच्या काटीवर ठेवायचे, असं आत्तींनी बजावलं. का विचारलं तर म्हणाल्या, थोरल्याचा वाटा आहे. सांजेला वाघ-बिबट्याचं नाव आमच्याकडे कुणी घेत नाही, थोरला म्हणतात.

सकाळी केस गेलेले असायचे. पाखरं घरट्यांना नेत असतील असं मी म्हणायचे. पण काट्यांना एखादा तरी केस अडकून राहायला हवा होता, तो कधीच राहिला नाही. आणि डोळे मोकळे झाल्यापासून कुत्रा रोज सांजेला कुंपणाकडे तोंड करून बसू लागला. भुंकत नसे. नुसता बघायचा आणि थरथरायचा.

शेवटी एकच जट उरली, कानामागची, हळदीची. काही केल्या ती उकलेना. त्या बाजूने त्याला ऐकू येत नव्हतं.

एके सकाळी काटीवरचा पुंजका जिथल्या तिथे होता. त्यावर दव साचलं होतं. आत्ती त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. दिवे लावायच्या सुमाराला, ज्या बाईने कुत्र्याला कधी पडवीवर चढू दिलं नव्हतं, तिने त्याला मानेला धरून स्वयंपाकघरात आणलं आणि दार लावलं. तो भिंतीला चिकटून दाराकडे बघत राहिला.

"वाटा घेतला न्हाई त्यानं," आत्ती म्हणाल्या. "निस्त्या केसावर भागंना आता. कातरी आण."

मला भीती वाटली. बिबट्याची की आत्तींची, ते अजून सांगता येत नाही. मी कुत्र्याचं डोकं मांडीवर धरलं. देवीचं नाव पुटपुटत आत्तींनी जट कापली. पिवळी हळद अजून तिच्यात होती. एकट्या बाहेर जाऊन त्यांनी ती काटीवर ठेवली आणि मागे न बघता आत आल्या. थोड्या वेळाने कुत्र्याने कान टवकारले. पहिल्यांदाच दोन्ही.

उजाडल्यावर बघितलं तर जट नव्हती. पुंजका मात्र तसाच होता. अंगणाच्या धुळीत पंजे उमटले होते, कुंपणापासून आमच्या उंबऱ्यापर्यंत आणि तिथून परत. नवरा उठायच्या आत आत्तींनी सगळं अंगण शेणाने सारवून टाकलं आणि त्याला काही सांगू नकोस म्हणाल्या.

त्या दिवसापासून कुत्रा त्यांच्या अंथरुणाच्या पायथ्याशी झोपू लागला. त्या मात्र सांजवात लावताना देवीकडे वर मान करून बघेनाशा झाल्या. मी एकदा विचारलं तेव्हा त्या त्याच्या कानामागे बोटं फिरवत होत्या. तिथे केस परत उगवले नव्हते.

"देवीचं हुतं, ते मी थोरल्याला दिलं," त्या म्हणाल्या. "आता ती माज्याकडं मागंल तवा मागंल. कुत्रं ऱ्हायलं न्हवं?"