साहेबाचं कबुतर आणि नवऱ्याचा ताप

माझे सासरे नागपूरहून बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आले आणि त्याच दिवशी त्यांनी अंगारेधुपारे करणाऱ्या भगताला कायमचा दरवाजा दाखवला. त्याच्या रिकाम्या जागी त्यांनी एक इंग्रज साहेब बसवला. हा साहेब मरून दोन-तीनशे वर्षं झाली होती. त्याचं जाडजूड पुस्तक सासऱ्यांना रद्दीत मिळालेलं. पुढचं अर्धं कबुतरं पाळण्यावर, मागचं अर्धं तिकडच्या जुन्या औषधवाल्यांच्या उपायांवर. सासऱ्यांचा जन्म रेल्वेत पार्सलबाबू म्हणून गेलेला. इंग्रजीत छापलंय म्हणजे कोणीतरी तपासलं असणारच, अशी त्यांची ठाम समजूत.

भिलाईत तेव्हा पोलादाचा कारखाना उभा राहत होता आणि माझा नवरा तिथे जड लोखंड दोरखंडांनी वर चढवणारा रिगर होता. क्वार्टरच्या मागे सासऱ्यांनी खोकी जोडून कबुतरांची ढाबळ केली. कबुतरं परक्या घरी जाऊ नयेत म्हणून साहेबाने ढाबळीत ठेवायला एक गोळा सांगितला होता: माती, जुना चुना, मीठ, जिरं आणि शिळं मूत. चुना बांधकामावरून आला, जिरं सासूबाईंच्या डब्यातून गेलं आणि शेवटची वस्तू घरचीच होती. सासूबाई नाकाला पदर लावून स्वयंपाक करू लागल्या. कबुतरं मात्र खरंच कुठे गेली नाहीत, त्यामुळे सासरे साहेबाच्या शब्दाबाहेर जाईनात.

मग नवऱ्याला हिवताप झाला. दवाखान्यातून गोळ्या आणल्या, तरी ताप हटेना. तो तापात काहीबाही बरळू लागला. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सासऱ्यांनी पुस्तक मागच्या बाजूने उघडलं. संध्याकाळी ते खोलीत आले ते एका हातात सुरी आणि दुसऱ्या हातात त्यांची लाडकी पांढरी कबुतरी घेऊन.

"जिवंत कबुतर मधून चिरायचं अन् गरम गरम तळपायाले बांधायचं," ते म्हणाले. "ताप पायातून निघून जाते, असं लिहून आहे."

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "काहो, मंग भगतानं काय घोडं मारलं होतं? तो काळी कोंबडी मागे, तुमचा साहेब पांढरं कबुतर मागून राहिला! कोंबडीचा निदान रस्सा तरी होत होता."

तशा अवस्थेतही मला हसू फुटलं. पाठोपाठ संताप आला. मी उठले आणि सासऱ्यांच्या हातातली सुरी सरळ काढून घेतली.

"मामाजी, इतके शिकलेले तुमी, तुमाले हे पटते काय?"

ते मटकन खाली बसले.

"नाही पटत, पोरी. पण माझं पोरगं आहे ते. आज भगत दारात आला असता, तर त्यालेही आत घेतलं असतं मी."

भगताचं नाव निघालं तरी घर डोक्यावर घेणारा हा माणूस. माझा राग कुठल्या कुठे गेला, आणि मला त्यांची फार माया आली.

कबुतरी सासऱ्यांच्या हातातून सुटून पलंगाखाली शिरली. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. ते पायथ्याशी सरकले आणि लेकाचे तळपाय दोन्ही हातांत धरून बसले. किती सांगितलं तरी उठेनात. ताप शेवटी गोळ्यांनीच उतरला. सकाळी पायांना घाम फुटला तो सगळ्यांत आधी त्यांच्या हातांना कळला, आणि ते आमच्यासमोर हमसून हमसून रडले.