चार थाऊ

त्याला सगळे थाऊकाका म्हणत. इंचाचा हजारावा भाग म्हणजे थाऊ, आणि या माणसाचं बोलणं त्याच मापात चालायचं. बायको म्हणायची, भाजीत मीठ कमी पडलं तरी हे दोन थाऊ कमी म्हणतील. इंजिनाचे सिलिंडर बोअर करण्यात, म्हणजे आतून कातून मापाला आणण्यात, त्याची तीस वर्षं गेली होती, आणि त्याच्या हातचं इंजिन खडखडत नाही असं गिऱ्हाइकं सांगत. हे ऐकलं की त्याच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

त्याची पुतणी ड्रॅग रेसिंग करायची. सरळ पट्टीवर काही सेकंदांची शर्यत. मायक्रोमीटर धरायला तिला त्यानेच शिकवलं होतं. यंदा तिने इंजिनावर सुपरचार्जर चढवला, नवे घडीव पिस्टन आणले आणि सिलिंडरांचा ब्लॉक बोअर करायला काकाकडे आणून टाकला.

"काका, पिस्टनबरोबर कागद आलाय. पिस्टन आणि सिलिंडरमध्ये नऊ थाऊ फट ठेवायला सांगितलीय. सुपरचार्जर हवा कोंबतो, उष्णता वाढते, पिस्टन जास्त फुगतो."

"मला शिकवतेस होय गं?" तो हसला. कागद त्याने वाचला आणि खणात टाकला. नऊ थाऊ म्हणजे थंड इंजिन डबा वाजवल्यासारखं वाजणार, आणि ऐकणारे म्हणणार, म्हातारा ढिला पडला. त्याने पाच ठेवली. तिला मात्र सांगितलं, "झालं तुझ्या मनासारखं."

शर्यतीच्या दिवशी इंजिन सुरेख सुरू झालं. चार माणसांनी वळून त्याच्याकडे पाहिलं. गाडी सुटली आणि निम्मी पट्टी संपायच्या आत दोन पिस्टन फुगून सिलिंडरमध्ये गच्च बसले. मागची चाकं जागीच अडकली, गाडी आडवी होऊन भिंतीवर आदळली. सीटला पट्ट्यांनी बांधलेली होती म्हणून पोरगी वाचली, डाव्या मनगटावर निभावलं.

दुसऱ्या दिवशी इंजिन उघडलं. पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे होते, नखात अडकतील इतके खोल. बघताक्षणी त्याला कळलं. तिच्या टीमची माणसं भोवती उभी होती.

"तेल कमी पडलं असणार," तो बोलून गेला.

तेलाचं काम तिचं होतं. ती त्याच्याकडे पाहत राहिली, मग म्हणाली, "असेल. चूक माझीच."

त्यानंतर तीन आठवडे त्याला घास गोड लागला नाही. टीममधला एकजण दुकानात येऊन म्हणाला, "तुमची पुतणी तेल बघायला विसरली आणि आमच्या वर्षभराच्या मेहनतीवर पाणी पडलं." तो जाईपर्यंत थाऊकाका गॅरेजची फरशी बघत राहिला. बायकोने विचारलं, "पोरीला भेटायला कधी जायचं?" तर म्हणाला, कामं आहेत. कामं नव्हती.

शेवटी एका सकाळी तो एकटाच गेला. ती प्लॅस्टरमधला हात सांभाळत एका हाताने चहा गाळत होती.

"तेल नव्हतं गं," तो म्हणाला. "फट मी पाचच ठेवली होती."

"माहीत आहे."

त्याने वर पाहिलं.

"बाकीचे सहा सिलिंडर शाबूत होते, काका. गेज मला लावता येतं. त्याच संध्याकाळी मोजले."

"मग बोलली का नाहीस?"

"चारचौघांत तुमचं नाव घ्यायला जीभ रेटली नाही. वाटलं, तुम्ही स्वतः सांगाल. दोन दिवसांत, फार तर चार."

धरणी दुभंगेल तर बरं असं त्याला झालं. ओरडली असती तर सोपं गेलं असतं. तिने चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला.

"मला सांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "तेल बघता येत नाही म्हणून टोमणे मी खातेय. सांगायचं तर त्यांना सांगा."

रविवारी तो पट्टीवर गेला. सात माणसं होती. तयार केलेली वाक्यं त्याने बाजूला ठेवली. एवढंच म्हणाला, "कागद वाचूनही मी फट चार थाऊ कमी ठेवली. आणि खोटं बोललो. तिची चूक नाही." एकाने पान्याला लागलेलं तेल पुसायला घेतलं, आणि तो ते बराच वेळ पुसत राहिला.

हात बरा झाल्यावर पुतणीने नवा ब्लॉक घेतला. काकूशी बोलायला ती पूर्वीसारखी घरी येते, त्याच्याशीही नीट बोलते. ब्लॉक मात्र तिने बोअर करायला दुसरीकडे टाकला. कुणाकडे, हे विचारायची त्याची छाती झाली नाही.