लग्न होऊन जाऊ दे

हे मी आईला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण — कारण तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच.

मुग्धा माझी धाकटी बहीण. कॉलेजात असताना तिच्या गुडघ्याजवळच्या हाडात कॅन्सरची गाठ निघाली. किमो झाली, केस गेले, गाठ काढून धातूचा सांधा बसवला. इथे गंगेकाठी, दूधविनायकाच्या आमच्या गल्लीत ती पुन्हा चालायला लागली, तेव्हा शेजारणी दारात येऊन बघत. डॉक्टरांनी बजावलं होतं — जखमेतून जरा जरी पाणी आलं तर त्याच दिवशी घेऊन या. मला बजावलं होतं. मग माहीत नव्हतं, असं कसं म्हणू?

माझं लग्न तोंडावर आलं होतं. घरात पाहुणे उतरलेले. मुग्धाने मला गच्चीवर बोलावलं, सलवार वर केली. व्रणाच्या टोकाशी बारीक भोक, त्यातून चिकट पाणी.

"दादा, दाखवून येऊ या का?"

काय वाटलं असेल मला? काळजी? — नाही. वैताग आला. पुन्हा तो वॉर्ड, पुन्हा आईचं रडणं. आणि लग्न पुढे ढकलायचं?

"उष्णतेचं असेल गं," मी म्हणालो. "लग्न होऊन जाऊ दे. आईला सांगू नकोस."

नाही सांगितलं तिने. लग्नानंतर आम्ही गंगापूजेला गेलो, तेव्हा कठडा धरून घाटाच्या पायऱ्यासुद्धा उतरली. मी बायकोला घेऊन नैनीतालला गेलो. फोन तिथेच आला — मुग्धा तापाने फणफणलीय.

परत आलो तोवर पू सांध्याच्या आत, हाडापर्यंत पोचला होता. डॉक्टर आईसमोरच तिला म्हणाले, "पहले ही आ जातीं तो धोकर जोड़ बचा लेते. किसी को बताया क्यों नहीं?"

मी पलंगाशीच उभा होतो. मुग्धाने माझ्याकडे पाहिलं नाही. "मुझे लगा, गर्मी का है," म्हणाली.

तेव्हा बोलता आलं असतं. तोंड उघडलंच नाही — का? आई होती म्हणून? नवी बायको होती म्हणून?

सांधा काढला, तिथे औषध घातलेलं सिमेंट भरलं. महिनोन् महिने सलाइन. पुन्हा उघडलं, पुन्हा धुतलं. जंतू हटेनात. शेवटी पाय मांडीतून कापला.

आई अजूनही आल्यागेल्याला सांगते, "पोरीने अंगावर काढलं हो." मुग्धा ऐकत असते. मीही.

तिने माझं नाव कधीच घेतलं नाही. मीही घेतलं नाही.